वाकून बसल्याने मन खचते, की मन खचल्याने पाठ वाकते?

प्रश्न : कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. माझे वडील मिरजेत तंतुवाद्ये बनवतात. आमच्या घरात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वडिलांचे वय ६१ आहे. जमिनीवर मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून, भोपळा पुढ्यात घेऊन, दांडीवर आणि तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) झुकून काम करण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. जवारी लावताना, म्हणजे स्वर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासून जुळवताना, तर घोडीजवळ कान नेऊन ते तासन्‌तास बसलेले असत. त्यामुळे त्यांच्या पाठीला थोडा बाक पूर्वीपासूनच आहे आणि त्याचे आम्हाला कधी काही वाटले नाही.

गेल्या वर्षभरात मात्र त्यांच्यात पडलेला फरक घरातल्या सगळ्यांना जाणवतो आहे. बाक वाढला आहे, मान पुढे झुकलेली असते, आणि त्याच सुमारास त्यांचे बोलणेही कमी झाले. तयार तंबोरा गवयाच्या हाती देताना ते पूर्वी त्याच्या स्वराबद्दल आणि लाकडाबद्दल भरभरून बोलत. आता वाद्य पुढे सरकवून गप्प बसतात. संध्याकाळी दर्ग्यापर्यंत जाऊन मित्रमंडळींत बसण्याचा त्यांचा नेम होता, तोही सुटला. विचारले तर “काही नाही, थकवा आहे” एवढेच उत्तर मिळते.

माझ्या आतेभावाने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. छाती काढून, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटे उभे राहिले की शरीरातली हार्मोन्स बदलतात आणि उदासी जाते, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. तेव्हापासून घरातले प्रत्येक जण वडिलांना येता-जाता “ताठ बसा” असे सांगते. ते क्षणभर ताठ होतात, पुन्हा झुकतात, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरतो. या म्हणण्यात तथ्य किती आहे? आयुष्यभर वाकून केलेल्या कामामुळेच त्यांचे मन असे झाले असेल का? आणि आम्ही त्यांना हे सांगत राहावे की थांबावे? या विषयाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : यवतेश्वर (सातारा)

ताई, मी साताऱ्यात महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि असे व्हिडिओ ते वेगळे करत नाहीत. शरीराच्या ठेवणीचा मनावर परिणाम होतो का, हा पहिला. तो परिणाम किती मोठा आणि किती टिकणारा असतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर “होय” असे देता येते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळ सावधपणे द्यावे लागते.

कल्पना जुनी आहे. भावना आणि शरीराची ठेवण यांचा संबंध चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तपशीलवार मांडला होता. १८८४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी आणि पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनी उलटा क्रम सुचवला : आधी शरीरात बदल होतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. हा सिद्धान्त त्या टोकाच्या रूपात आज फारसे कोणी मानत नाही. पण शरीराकडून मनाकडे वाट जाते, एवढा त्यातला गाभा टिकून आहे.

आपल्या आतेभावाने पाठवलेल्या व्हिडिओचे मूळ २०१० सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी ४२ व्यक्तींवर तो केला. काहींना अंग पसरून, तर काहींना अंग चोरून एकूण दोन मिनिटे ठेवले आणि नंतर लाळेची तपासणी केली. अंग पसरणाऱ्यांच्या लाळेत वर्चस्वाशी जोडले जाणारे टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढले व ताणाशी जोडले जाणारे कॉर्टिसॉल कमी झाले, त्यांना अधिक समर्थ वाटले आणि ते जोखीम घ्यायला अधिक तयार झाले, असे निष्कर्ष निघाले. २०१२ च्या कडी यांच्या भाषणामुळे हे जगभर पोहोचले. पुढे २०१५ मध्ये युरोपातील संशोधकांनी २०० व्यक्तींवर तसाच प्रयोग केला, तेव्हा “समर्थ वाटते” असे लोकांनी सांगितले खरे, पण हार्मोन्समध्ये किंवा जोखीम घेण्याच्या वृत्तीत काही फरक आढळला नाही. २०१६ मध्ये तर मूळ प्रयोगाच्या पहिल्या लेखिका कार्नी यांनी स्वतःच जाहीर केले की आपला या परिणामांवर आता विश्वास राहिलेला नाही. कडी यांचे मत तसे नाही. स्वतःबद्दल वाटणाऱ्या सामर्थ्यावर परिणाम होतो, या मतावर त्या ठाम राहिल्या. हार्मोन्सचा दावा मात्र आपण सोडून द्यावा, हे उत्तम.

याहून मला महत्त्वाचे वाटते ते संशोधन दिमाखात उभे राहण्याविषयी नाही, तर साध्या बसण्याविषयी आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात ७४ निरोगी व्यक्तींवर केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. सहभागींच्या पाठीला फिजिओथेरपीत वापरतात ती पट्टी लावून काहींना ताठ आणि काहींना पोक काढून बसवले, आणि त्याच स्थितीत त्यांना भाषण करण्यासारखी ताण देणारी कामे दिली. बसण्याच्या पद्धतीची चाचणी चालली आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. ताठ बसलेल्यांनी आत्मसन्मान अधिक आणि भीती कमी असल्याचे नोंदवले. पोक काढून बसलेल्यांच्या बोलण्यात नकारात्मक भावनांचे शब्द अधिक आले. त्याच गटाने २०१७ मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्याची लक्षणे असलेल्या ६१ व्यक्तींवर असाच अभ्यास केला. ताठ बसलेल्यांना थकवा कमी जाणवला, उत्साह थोडा वाढला आणि ते अधिक शब्द बोलले. ही लोकांनी त्या वेळेपुरती सांगितलेली अवस्था आहे. त्यांचे नैराश्य बरे झाले, असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही.

उलट्या बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे. जर्मनीतील योहानेस मिखालक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नैराश्याच्या रुग्णांची चाल मोजून दाखवली. त्यांचा वेग कमी होता, हात कमी हलत होते, चालताना डोके वर-खाली कमी होत होते आणि धड झुकलेले होते. निरोगी माणसांना उदास संगीत ऐकवले तेव्हा त्यांच्या चालीतही काहीशी तशीच लक्षणे दिसली. म्हणजे मन खचले की शरीर वाकते, हे निश्चित आहे. शरीर वाकवले की मनही थोडे खाली ओढले जाते, हेही बरेचसे मान्य करता येते. या दोन गोष्टी एकमेकींना धरून फिरत राहतात. वडिलांच्या बाबतीत सुरुवात कोणत्या टोकाला झाली हे आपण केवळ त्यांच्या पाठीकडे पाहून ओळखू शकणार नाही.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण “सांगत राहावे की थांबावे” या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. या प्रयोगांत बहुधा “ताठ” गटाची तुलना “वाकलेल्या” गटाशी केलेली असते. नेहमीसारखे बसलेल्यांचा तिसरा गट क्वचितच असतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दिसले की बराचसा फरक अंग आक्रसून बसण्याच्या तोट्यामुळे पडतो. मुद्दाम अंग पसरण्याचा वेगळा फायदा फारसा हाती लागत नाही. म्हणून वडिलांना छाती काढायला लावण्याची गरज नाही. ज्या कारणांनी ते आक्रसतात ती कमी व्हावीत, एवढे पुरे.

आपल्याकडे एक गोष्ट आणखी ध्यानात घ्यावी लागते. २०१३ च्या एका अभ्यासात टेबलावर पाय पसरून बसण्याच्या पद्धतीने अमेरिकन लोकांना सामर्थ्यवान वाटले, पूर्व आशियाई लोकांना तसे वाटले नाही, कारण त्यांच्या रीतीत ते उद्धटपणाचे ठरते. कमरेवर हात ठेवून उभे राहणे आपल्या वडिलांच्या पिढीतील कारागिराला शोभेसे वाटत असेल का? मला शंका आहे. जी ठेवण माणसाला स्वतःची वाटत नाही तिच्यातून बळ कसे मिळणार?

राहिला “ताठ बसा” असे सांगण्याचा प्रश्न. ऑकलंडच्या प्रयोगात कोणी कोणाला टोकत नव्हते. घरात मात्र प्रत्येक वेळी ताठ होताना वडिलांच्या मनात “माझ्यात काहीतरी चुकते आहे आणि सगळ्यांचे लक्ष आहे” हीच भावना जागी होत असणार. हे माझे मत आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पण त्यांचा चेहरा उतरतो असे आपणच लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की हे सांगणे आजपासून थांबवावे.


उत्तर : विश्रामबाग (सांगली)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरील उत्तराशी मी सहमत आहे आणि शरीराच्या बाजूने थोडी भर घालते.

पोक काढून बसल्यावर बरगड्यांचा पिंजरा ओटीपोटाकडे सरकतो, श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी उरते आणि श्वास छातीच्या वरच्या भागात उथळ चालतो. असे बसल्यावर फुप्फुसांची क्षमता ताठ बसण्याच्या तुलनेत कमी भरते, हे मोजून पाहिलेले आहे. उथळ श्वासाबरोबर मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आखडतात, आवाज बारीक होतो, नजर जमिनीकडे जाते. समोरचा माणूस काय करतो? तोही कमी बोलतो. मनावर परिणाम होण्याची ही वाट मला हार्मोन्सच्या गोष्टींपेक्षा अधिक खरी वाटते : श्वास, दुखणे आणि माणसांशी तुटणारा संपर्क. दीर्घकाळचे दुखणे आणि नैराश्य एकमेकांना वाढवतात, हे आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत सतत दिसते. कंबर खरोखर दुखत असलेला माणूस “थकवा आहे” एवढेच सांगतो, हेही दिसते. वडिलांना दुखते का, हे एकदा निवांतपणे, कामाच्या वेळेबाहेर विचारा.

मान झुकवली की मणक्यावर २७ किलो वजन येते, असे चित्र आपण पाहिले असेल. तो आकडा २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शल्यचिकित्सकाने संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेला, मान ६० अंशांनी झुकवल्यावरचा हिशेब आहे. प्रत्यक्ष माणसाच्या मानेत ते मोजलेले नाही. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते आणि झुकल्यावर स्नायूंवरचा भार वाढतो, एवढे खरे. पण वाद्ये घडवणारी, शिवणकाम करणारी, बेदाणा निवडणारी हजारो माणसे वाकूनच काम करतात आणि ती सगळी उदास नसतात. आयुष्यभर ज्या कामाने वडिलांना मान दिला, त्याच कामाने त्यांचे मन खचवले, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका आणि त्यांच्यासमोर तर तसे मुळीच बोलू नका.

एकच आदर्श ठेवण दिवसभर धरून बसणे कोणाच्याही शरीराला मानवत नाही, मग ती कितीही ताठ असो. म्हणून मी माणसाला बदलण्याआधी त्याची बैठक बदलते. बसताना त्यांच्या नितंबांखाली घट्ट घडी केलेली गोधडी किंवा चार बोटे उंचीचा पाट द्या. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की ओटीपोट पुढे कलते आणि पाठ न सांगता सरळ होते. काम शक्य तेवढे लाकडी ठोकळ्यावर उचलून घ्या. उजेड समोरून आणि पुरेसा असू द्या, कारण अंधूक उजेडात माणूस डोळ्यांसाठी वाकतो; चष्म्याचा नंबरही तपासून घ्या. जवारीचे काम कानाचे आहे, तिथे वाकणे टळणार नाही. त्या वेळी वाकू द्या, आणि अर्ध्या तासाने काही निमित्ताने उठू द्या.

एक गोष्ट मात्र घरीच पाहून इथे कळवा. कडक जमिनीवर चटई टाकून, उशीशिवाय उताणे झोपल्यावर त्यांचे डोके जमिनीला टेकते का? बाक तेव्हा नाहीसा होतो की तसाच राहतो? बाक तसाच राहत असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा पाठीत एका जागी दुखत असेल, तर हाडे ठिसूळ होऊन मणका दबला आहे का हे एक्स-रे काढून पाहावे लागते. बाक नाहीसा होत असेल, तर कारण स्नायूंत किंवा मज्जासंस्थेत शोधावे लागते. दोन्ही परिस्थितींत “ताठ बसा” या सूचनेचा उपयोग नाही.


उत्तर : माणगंगा (खटाव तालुका, सातारा)

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले, तरी एक मुद्दा मांडावासा वाटतो. शरीर आणि मन यांचे नाते शोधायला आपल्याला एकोणिसाव्या शतकातील युरोपपर्यंतच जावे लागते, असे नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात (प्रकरणात) चित्ताच्या विक्षेपाबरोबर, म्हणजे मन विचलित होण्याबरोबर, येणारी चार लक्षणे एकत्र सांगितली आहेत : दुःख, दौर्मनस्य (खिन्नता), अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास-प्रश्वास. मनाची दोन, शरीराचे एक आणि श्वासाचे एक अशी लक्षणे एकाच सूत्रात बांधणारी ती दृष्टी मला आजही उपयोगाची वाटते.

आमच्या तालुक्यातील औंधचा दाखला इथे द्यायलाच हवा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. ते स्वतः नियमित नमस्कार घालत आणि त्यांनी संस्थानातील शाळांमधून त्याचा प्रसार केला. सूर्यनमस्कारात पाठ ताठ धरून ठेवायची नसते. पुढे वाकायचे, मागे वाकायचे, पुन्हा पुढे वाकायचे आणि प्रत्येक हालचाल श्वासाशी जुळवायची. आधीच्या उत्तरात एकाच ठेवणीबद्दल जे म्हटले आहे, तेच इथे कृतीत उतरलेले दिसते.

माझा आग्रह एवढाच की वडिलांना बसण्याबद्दल काही सांगण्यापेक्षा चालायला बाहेर काढावे. हळूहळू, सकाळच्या उन्हात, कोणीतरी बरोबर असताना. त्यांची दर्ग्याकडची फेरी सुटली, हे मला बाकापेक्षा अधिक काळजीचे वाटते. त्यांच्या मित्रांपैकी एखाद्याला घरी येऊन “चला” म्हणायला सांगावे. मुलांनी म्हणण्यात आणि मित्राने म्हणण्यात फरक असतो. सूर्यनमस्कार मात्र या वयात, पाठीची तपासणी होण्याआधी, एकदम सुरू करू नयेत.


उत्तर : यवतेश्वर (सातारा)

सर, आपला मुद्दा मान्य आहे. नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो, याचा पुरावा शरीराच्या ठेवणीविषयीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. मिखालक यांच्याच गटाने पुढे निरोगी व्यक्तींना उत्साही किंवा खिन्न माणसाच्या चालीने चालायला लावले, तेव्हा त्यांना कोणते शब्द आठवतात यावरही परिणाम दिसला. खिन्न चालीने चालणाऱ्यांना तुलनेने नकारात्मक शब्द अधिक आठवले. बसण्यापेक्षा चालण्यातून मनाला धरता येईल, असे मलाही वाटते. फक्त एक सावधगिरी सांगतो. नैराश्य खरोखर असेल तर “चला” म्हटल्यावर ते उठू शकणार नाहीत. तो आळस नव्हे, आजाराचेच लक्षण असते.


उत्तर : प्रीतिसंगम (कराड)

मी फिजिशियन आहे. ही चर्चा वाचताना मूळ प्रश्नातील काही तपशिलांवर माझे लक्ष अडले, म्हणून लिहितो. ६१ वर्षांच्या व्यक्तीचा बाक वर्षभरात वाढणे, त्याच काळात बोलणे कमी होणे, थकवा आणि चेहऱ्यावरील भाव ओसरणे, ही लक्षणे एकत्र आली तर आम्ही शरीराच्या ठेवणीकडे उदासीचे कारण म्हणून न पाहता आधी एक लक्षण म्हणून पाहतो.

या चित्रामागे नैराश्य असू शकते. नैराश्यात हालचाली आणि बोलणे दोन्ही मंदावतात. थायरॉइडचे कार्य कमी झाले असेल किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तरी थकवा आणि उदासी येते. त्या दोन्हींची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. आणि पार्किन्सनचा आजारही असू शकतो. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन केले, तेव्हाच धड पुढे झुकण्याची प्रवृत्ती त्यांनी नोंदवली होती. लोकांना वाटते की पार्किन्सन म्हणजे हात थरथरणे. पण काही रुग्णांत सुरुवातीला थरथर नसतेच. चालताना एक हात कमी हलतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली येतो, चेहरा भावहीन दिसतो, वास कमी येतो, बद्धकोष्ठता होते. काही रुग्णांत नैराश्य या सगळ्याच्या आधी येते. त्यांना घरचे लोक “वय झाले” किंवा “मनावर घेतले” असे समजतात आणि निदान लांबते.

मी इथे निदान करत नाही आणि तसे करणे योग्यही नाही. पण पुढील गोष्टी दोन-चार दिवस शांतपणे पाहाव्यात. त्यांना जाणवेल अशा रीतीने नको. चालताना दोन्ही हात सारखे हलतात का? सही पूर्वीपेक्षा बारीक झाली आहे का? शर्टाची बटणे लावायला, खाटेवर कूस बदलायला वेळ लागतो का? कामात हात मंदावला आहे का? यातले काही आढळले तर मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध आहेत, त्यांना दाखवावे. पार्किन्सन पूर्णपणे बरा करणारा उपचार नसला, तरी लेव्होडोपासारख्या औषधांनी हालचाल बरीच सुधारते आणि माणूस आपले काम करत राहू शकतो. यातले काहीच आढळले नाही, तरी वर्षभर टिकलेली उदासी स्वतःच डॉक्टरांकडे जायला पुरेसे कारण आहे.

जगण्यात अर्थ उरला नाही, असे काही ते बोलले तर ते सहज बोलणे समजू नये. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आपणही सल्ल्यासाठी फोन करू शकता.


प्रतिसाद : कृष्णाकाठ (मिरज)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही त्यांना टोकणे त्याच दिवसापासून बंद केले. गोधडीची घडी त्यांनी काही न बोलता घेतली आणि आता स्वतःच सकाळी मांडून बसतात.

चटईवर झोपल्यावर त्यांचे डोके टेकते आणि बाकही बराचसा जातो. पाठीत एका जागी दुखत नाही, पण सकाळी अंग ताठरलेले असते असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी सुचवलेल्या गोष्टी पाहिल्या. चालताना त्यांचा उजवा हात शरीराला चिकटल्यासारखा राहतो. दुकानातल्या जुन्या वहीतल्या सह्या आणि आताच्या सह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर आताच्या स्पष्टपणे लहान आहेत. सर्वांत जास्त मला वाईट वाटले ते पुढचे ऐकून. मी विचारल्यावर ते म्हणाले की जवारी घासताना कान सांगतो ते हाताला पूर्वीसारखे जमत नाही, आणि गवयांसमोर बसायला त्यामुळेच संकोच वाटतो. वर्षभरात हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली आहे. जाताना बरोबर काय न्यावे, आणि तोपर्यंत त्यांनी काम करावे की बंद ठेवावे, एवढे कृपया सांगावे.


उत्तर : प्रीतिसंगम (कराड)

ताई, त्यांनी हे बोलून दाखवले ही फार मोठी गोष्ट झाली. तपासणीला जाताना त्या दोन्ही काळांतल्या सह्यांची पाने, ते अंगणात चालत असतानाचा मोबाइलवरील छोटा व्हिडिओ आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्या. पित्ताची, मळमळीची किंवा चक्कर थांबवणारी गोळी ते नियमित घेत असतील तर तिचे नाव आवर्जून लिहा, कारण अशा काही औषधांमुळेही हालचाल मंदावते आणि औषध बदलल्यावर ती सुधारू शकते. मात्र स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नका. कोणते लक्षण साधारण केव्हा सुरू झाले हेही लिहून ठेवा. उदासीबद्दल डॉक्टरांना वेगळे सांगा. फक्त हाताबद्दल आणि चालीबद्दल बोलून परत येऊ नका, कारण दोन्हींवर उपचार करता येतात.


उत्तर : विश्रामबाग (सांगली)

काम बंद ठेवू नका. धारदार हत्याराचे आणि यंत्राचे काम तपासणी होईपर्यंत दुसऱ्या कोणाकडे द्या, बाकीचे त्यांना करू द्या. जवारीला हात मंद पडत असेल तर घासण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे आणि कान त्यांचा असावा. त्यांनी स्वर ऐकून सांगायचे, कुठे किती घासायचे ते. त्यासाठी त्यांना घोडीवर वाकावेही लागणार नाही. पाटावर किंवा खुर्चीत बसून, तंबोरा समोर उभा धरून ऐकता येईल. चालताना मात्र बरोबर कोणीतरी असू द्या, कारण हात न हलवता झुकून चालणाऱ्या माणसाचा तोल वळताना जातो. घरातल्या वळणांवरचे पायपुसणे आणि मोकळ्या सतरंज्या उचलून ठेवा. तपासणी झाल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहिलेत, तर त्यानुसार व्यायाम सुचवता येतील.